डिस्क तापते तेव्हा आधी काय वाचवायचं?

डिस्क तापून बिघडायला लागली की दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. यंत्र सांभाळा, हा एक. यंत्राचा नाद सोडा, आतला मजकूर सांभाळा, हा दुसरा. दोन्ही सल्ले देणारी माणसं जाणकार असतात आणि ऐन वेळी त्यांचं आपसात जमत नाही. ज्याच्या ताब्यात लोकांचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट किंवा स्कॅन केलेले जुने अंक आहेत, त्याला मात्र त्या घटकेला एकाच गोष्टीला आधी हात घालता येतो. कोणत्या, याचा निर्णय चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पुढचा संवाद नागपुरातल्या एका वाचनालयाच्या निमित्ताने झाला. तिथे जुनी नियतकालिकं स्कॅन करून चार डिस्कच्या नॅस पेटीत (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीत) ठेवली आहेत; रेड-५ मांडणीत, म्हणजे एक डिस्क गेली तरी मजकूर टिकतो. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, पेटीचा पिवळा दिवा लागला आणि बीप सुरू झाला. बोलणारे दोघे माझ्या नात्यातले. मामांचं सीताबर्डीला हार्डवेअर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची भाची नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेजचं काम पाहते, आणि सुट्टीला आली होती.

मामा : डिस्कला नंतर हात लाव. आधी मागचा पंखा पाहा. फिरूनच नाही राहिला. जाळीत धूळ बसली, बेअरिंग जाम झालं, आत हवा जायची बंद झाली. खोलीच चाळिशीत आहे. डिस्क ५८ वर जाणार नाही तर काय होईल? कंपनी मर्यादा ६० लिहिते.

भाची : पंखा बदलायचाच आहे, मामा. पण दिवा पंख्यामुळे लागलेला नाही. तिसऱ्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर वाढत गेलेत. शेवटी पेटीने ती डिस्क बाजूला काढली आणि आता सगळं तीन डिस्कवर चाललंय. अजून एक गेली की संपलं. नवी डिस्क आणलीय. आज घालू, रीबिल्ड सुरू करू.

मामा : १९९ क्रमांकाची नोंद पाह्यली का? ती वाढत असेल तर डिस्क चांगली अन् जोडणी खराब, असं असते. लोक चांगल्या डिस्का फेकतात अन् खराब केबल तशीच ठेवतात.

भाची : पाहिली. शून्य आहे. १९७ आणि १९८ वाढलेत. डिस्कच खराब आहे.

(हे आकडे प्रत्येक डिस्क स्वतःबद्दल ठेवत असलेल्या ‘स्मार्ट’ नोंदींचे आहेत. पाचव्या क्रमांकावर बदलून घेतलेले सेक्टर, १९७ वर वाचता न आल्यामुळे संशयात ठेवलेले, १९८ वर पूर्ण तपासणीतही न वाचलेले, १९४ वर तापमान. फुकट मिळणाऱ्या साध्या प्रोग्रॅमने हे कुणालाही पाहता येतं. घरच्या पेट्यांमध्येही ते वाचायची सोय असते, आणि तरीही दिवा लागेपर्यंत बहुतेक ठिकाणी ते कोणी उघडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.)

मामा : ठीक आहे, डिस्क खराब. पण रीबिल्ड आज नाही करायचं.

भाची : का? रेड-५ मध्ये एक डिस्क गेल्यावर थांबणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो.

मामा : हिशेब कर. चार-चार टेराबाइटच्या डिस्का. नवी भरायची तर उरलेल्या तिन्ही पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतील. म्हणजे १२ टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात काय लिहिलेलं असते? १० च्या चौदाव्या घाताइतके बिट वाचल्यावर एखादी न वाचली जाणारी चूक. ते होतात साडेबारा टेराबाइट. आपण बरोबर त्याच आकड्यापाशी चाललो. अन् हे सात-आठ तास, कदाचित जास्त, बंद पंख्याच्या पेटीत, मे महिन्याच्या दुपारी? तिन्ही डिस्का एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच खोक्यातल्या, सारख्याच तापलेल्या.

भाची : तो आकडा म्हणजे कंपनीने दिलेली किमान हमी. प्रत्यक्षात डिस्क त्यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात. रोज एवढी रीबिल्ड होतात आमच्याकडे, त्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर निम्मी फसली असती.

मामा : तुमच्याकडे फसलं तर दुसऱ्या इमारतीत दुसरी प्रत आहे. इथे काय आहे?

भाचीने वाचनालयाच्या कार्यवाहांना तेच विचारलं. प्रत होती. बाहेरून जोडायच्या एका डिस्कवर, त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात. गेल्या वर्षीपर्यंतची. त्यानंतर स्कॅन झालेले अंक फक्त पेटीत होते.

भाची : मग आधी नवे अंक बाहेर काढायचे, हे मान्य. पण मामा, कॉपी करतानाही त्याच तीन डिस्क वाचाव्या लागणार. धोका टळला कुठे?

मामा : टळला नाही, लहान झाला. कॉपी करताना एखादा सेक्टर नाही वाचला तर एक फाइल जाते, बाकीच्या येतात. रीबिल्ड करताना तेच झालं तर काही कंट्रोलर अख्खं रीबिल्ड सोडून देतात, कधी दुसरी डिस्कही बाहेर काढतात. अन् कॉपीत आपल्याला क्रम लावता येते. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते पहिले. मागच्या वर्षीपर्यंतचं कपाटात आहे, ते नंतर. रीबिल्डला क्रम माहीत नसते. ते रिकामी जागाही तितक्याच इमानानं वाचते.

इथे भाची गप्प झाली, आणि माझ्या मते तिने योग्य केलं. मोठ्या केंद्रातली सवय लहान जागी जशीच्या तशी लागू होत नाही, ती इथेच. तिथे रीबिल्ड हे पहिलं पाऊल असतं कारण प्रत आधीपासून वेगळीकडे असते. जिथे तशी प्रत नाही तिथे पहिलं पाऊल नक्कल काढण्याचं. क्रम एवढाच, पण त्याच्या उलट वागल्यामुळे गेलेली कौटुंबिक छायाचित्रं मामांच्या दुकानात सतत येत असतात.

भाची : चालेल. आता पंखा बदला, पेटीचं झाकण काढून बाहेरून टेबल फॅन लावा. कॉपी रात्री सुरू करू. आणि मामा, पेटीने बाजूला काढलेली डिस्क मी लगेच ओढणार नाही, तुम्हीही ओढू नका. सॉफ्टवेअर म्हणतंय ‘डिस्क ३’. काही पेट्या शून्यापासून मोजतात, काही एकापासून. आधी स्क्रीनवरचा सिरीयल नंबर लिहून घेऊ, मग कप्प्यातल्या डिस्कवरचा जुळवू.

मामा : हे शंभर टक्के. चांगली डिस्क ओढून पेटी मारलेले दोन ऑफिस मी पाह्यलेत.

रात्रीपर्यंत वेळ होता, आणि वाद खऱ्या मुद्द्यावर आला : उष्णता.

मामा : तुला सांगतो, आमच्याकडे मार्च ते जून डिस्का जास्त येतात. गरमीनं मरतात.

भाची : तुमच्याकडे जास्त येतात हे खरं असेल. पण कारण तेच आहे का? गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान वाढलं की डिस्क जास्त मरतात, असं सरळ नातं त्यांना दिसलं नाही. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्क जास्त गेल्या. अगदी वरच्या तापमानात आणि तीन वर्षांपुढच्या डिस्कमध्ये मात्र थोडा फरक दिसला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : ज्या डिस्कवर तपासणीत पहिली वाचन-चूक सापडली, ती पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. तापमापक पाहत बसण्यापेक्षा ती पहिली चूक पाहा.

मामा : ते मी पाहतोच. पण त्या डिस्का कुठे ठेवल्या होत्या? हवा मोजून सोडलेल्या हॉलमध्ये. तिथं दिवसभर तापमान हलत नाही. इथं सकाळी ३०, दुपारी ४५, रात्री कोणी एसी लावते, सकाळी बंद करते. वाचणारं हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. रोज फुगा अन् रोज आकसा, असं चाललं तर ते किती दिवस जमवून घेईल?

भाची : दिवसभरातला चढउतार वाईट, हे मान्य. आणि गूगलचा निष्कर्ष शेवटचा शब्द नाही, हेही मान्य. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मोठ्या केंद्रातल्या डिस्क तपासल्या, त्यांना तापमान आणि बिघाडाचं नातं स्पष्ट दिसलं. म्हणजे दोन मोठे अभ्यास, दोन उत्तरं. माझं म्हणणं इतकंच की ३५ च्या डिस्कला २५ वर आणायला पैसे घालवू नका. ५८ च्या डिस्कला ४५ च्या खाली आणा, बस.

मामा : अन् डिस्क सोडून बाकीचं? पॉवर सप्लायमधले कपॅसिटर घे. दहा अंश वाढले की त्यांचं आयुष्य निम्मं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. यूपीएसच्या बॅटरीचंही जवळपास तसंच. फुगलेला कपॅसिटर व्होल्टेज पाडते, डिस्क अर्धवट लिहिता लिहिता बंद पडते, अन् लोक म्हणतात डिस्क खराब. तुझ्या अभ्यासात तो बळी डिस्कच्याच खात्यावर गेला असंन.

मामांचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. साठवणीतली उष्णता डिस्कच्या आकड्यांत मोजली जाते, पण तिचा पहिला घाव पंखा, कपॅसिटर आणि बॅटरीवर पडतो. हे तिन्ही भाग स्वस्त आहेत, बाजारात मिळतात, आणि वेळेवर बदलले जात नाहीत.

भाची : मग या खोलीत कूलर का लावलाय?

कार्यवाह म्हणाले, उन्हाळ्यात वाचकांसाठी खाली लावतो, तसा इथेही लावला.

भाची : तो आधी बंद करा. कूलर हवा थंड करतो ती ओली करून. रटगर्स विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०१६ मध्ये नऊ डेटा सेंटरच्या नोंदी तपासल्या. बाहेरची हवा आत घेणाऱ्या केंद्रांत डिस्कच्या बिघाडाशी सगळ्यात जोरदार नातं तापमानाचं नव्हतं, दमटपणाचं होतं. प्लॅटर नाही, कंट्रोलरचं सर्किट आणि जोडण्या जात होत्या.

मामा : हे मला पटते. कूलरसमोर ठेवलेल्या पेटीच्या कनेक्टरवर हिरवट थर मी खरडून काढलाय. अन् कोणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून चालू करायचं सांगितलं तर त्याचं ऐकू नका. बाहेर काढली की आत दव धरते. थोडी बाकी होती ती पण जाते.

भाची : एसी लावायचा असेल तर अजून एक गोष्ट पाहा. वीज गेली की यूपीएस पेटीला चालू ठेवतो. एसी यूपीएसवर नसतो. उष्णता चालू, थंडावा बंद.

तिने कागदावर हिशेब मांडला. दहा बाय तेराची खोली, दहा फूट उंची, आत साधारण ४० किलो हवा. तीन किलोवॅटचं यंत्र ती हवा तेरा-चौदा सेकंदांत एक अंशाने तापवतं. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्त मिळतो, पण तो मिनिटांत मोजावा लागतो. वाचनालयाची पेटी शंभर वॉटच्या आतली, तिला एवढी घाई नाही. छोट्या रुग्णालयांच्या आणि पतसंस्थांच्या बंद सर्व्हर-खोल्यांना मात्र हा हिशेब थेट लागू पडतो. मोठी यूपीएस बसवली म्हणून निर्धास्त झालेल्या खोलीत यंत्रं बॅटरीवर तासभर भाजत राहतात.

मामा : म्हणून मी सांगतो, ठरावीक तापमानाला पेटी आपोआप बंद व्हायची सेटिंग चालू ठेवा. लोक ती काढून टाकतात. म्हणतात, मध्येच बंद होते. होऊ द्या ना! बंद झालेली पेटी संध्याकाळी परत चालू होते.

भाची : आणि तुमचं सगळं जपणं एका वाईट दुपारी कमी पडलं, तर? लंडनमधली गोष्ट सांगते. १९ जुलै २०२२, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर पारा गेला. गायज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालय-संस्थेची दोन डेटा सेंटर होती. एक पडलं तर दुसरं, अशी रचना. त्या दिवशी दोन्ही पडली. डॉक्टर कागदावर लिहू लागले, शस्त्रक्रिया पुढे गेल्या, सगळं पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले.

मामा : हे तर माझ्या बाजूचं उदाहरण झालं. दोन होत्या ना प्रती? केंद्रं थंड नाही ठेवता आली, दोन्ही बसली.

भाची : नाही मामा. दोन्ही एकाच शहरात, एकाच उन्हाखाली होती. म्हणून त्या दोन प्रती नव्हत्याच, एकच होती.

या वाक्यापाशी मला दोघांच्या वादाचा गाभा सापडला असं वाटलं. प्रती किती, हा प्रश्न पुरेसा नाही. एकाच कारणाने किती प्रती एकदम जातील, हे विचारायला हवं. ते कारण दरवेळी उष्णताच असतं असं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई या कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल सूचना काढली : फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडत, आणि मजकूर परत मिळत नसे. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात. एकाच दिवशी चालू केलेल्या चार डिस्क रेडमध्ये असतील, तर एकमेकींचा आधार असलेल्या चारही एकाच दिवशी जाणार. दक्षिण कोरियातलं उदाहरण याहून कठोर आहे. तेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला लिथियम बॅटरीतून आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांची जी-ड्राइव्ह ही ८५८ टेराबाइटची साठवण जळाली. एवढ्या मोठ्या साठवणीची बाहेर प्रत नव्हती.

भाची : आणि इथे? प्रत त्याच खोलीत, लोखंडी कपाटात, त्याच पत्र्याखाली.

मामा : कपाटातली डिस्क फिरणारी आहे म्हणून ठीक. एसएसडी असती तर मी आजच बाहेर काढायला लावली असती. वीज नसताना एसएसडी मजकूर किती दिवस धरते, ते तापमानावर असते.

भाची : जेडेक या संस्थेचं मानक आहे. लिहिण्याचं आयुष्य पूर्ण वापरलेली साधी एसएसडी वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष टिकली पाहिजे; सर्व्हरची ४० अंशांत तीन महिने. नवी असेल तर पुष्कळ जास्त टिकते. पण जुनी झालेली एसएसडी नागपूरच्या कपाटात टाकून दोन उन्हाळे विसरायची नाही.

नंतर पैशाचा प्रश्न आला. वाचनालयाकडे एकाच गोष्टीपुरती तरतूद होती : खोलीला एसी, किंवा दुसरी पेटी दुसऱ्या ठिकाणी.

मामा : एसी पण नको अन् पत्र्याखाली पण नको. पेटी खाली आणा, ग्रंथपालाच्या मागच्या खोलीत. तिथं स्लॅब आहे, दुपारी सात-आठ अंश कमी राहील. पंखा नवा, जाळी दर महिन्याला साफ. पैसे वाचले ते हिच्या दुसऱ्या पेटीला द्या.

भाची : दुसरी पेटी नागपुरात नको. अमरावतीच्या तुमच्या सहयोगी संस्थेतही नको, तिथेही तोच मे महिना आणि तोच वीजपुरवठ्याचा त्रास. पुण्यात किंवा कोकणात कुणी ठेवून घेईल का पाहा. आणि डिस्क वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या महिन्यात घेतलेल्या.

मामा : कोकणात दमट हवा. तूच तर आता सांगितलं.

भाची : तिथे बंद खोलीत, कोरडी ठेवू. ती पेटी जाण्याचं कारण वेगळं असेल, हेच तर हवंय. इथली पेटी उन्हाने जाईल, तिथली ओलीने. दोन्ही एकाच दिवशी जाणार नाहीत.

मामांना हे पूर्ण पटलं नाही. जी पेटी रोज डोळ्यासमोर नाही तिच्या पंख्याचा आवाज कोण ऐकणार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. मला स्वतःला भाचीचा क्रम योग्य वाटतो : आधी लांबची प्रत, मग जवळच्या पेटीची निगा. पण मामांशिवाय ती लांबची प्रत निघालीच नसती, कारण त्या रात्रीची कॉपी नव्या पंख्यावर आणि त्यांनी ठरवलेल्या क्रमावर झाली. नवे अंक पहिल्या तासांत बाहेर आले. पहाटेच्या सुमारास दुसऱ्या डिस्कने काही फाइल वाचायला नकार दिला. त्या सगळ्या जुन्या होत्या आणि कपाटातल्या प्रतीत शाबूत मिळाल्या. रीबिल्ड त्यानंतर झालं.

भाची : आता दर महिन्याला पूर्ण डिस्क वाचून पाहायची तपासणी लावते. थंड वेळ बघून, पहाटे. आणि लांबच्या पेटीतून दर महिन्याला कोणताही एक अंक मागवून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. प्रत आहे असं समजणं आणि ती उघडणं यात फरक पडलेला मी कामावर पाहिलाय.

मामा : अन् एक कागद. कोणत्या कप्प्यात कोणता सिरीयल नंबर, कधी घेतला, पंखा कधी बदलला, रेड कोणतं. पेटीला चिकटवायचा. तुम्ही लोक ही यादी पेटीतच फाइल करून ठेवता.

भाची : त्यावर पेटीचा पासवर्ड नका लिहू. पण मजकूर कुलूपबंद करून ठेवलाय, त्याची किल्ली सध्या फक्त या पेटीत आहे. पेटी गेली तर लांबची प्रतही उघडणार नाही. ती किल्ली छापून बंद पाकिटात अध्यक्षांच्या घरी द्या, आणि एक पाकीट लांबच्या संस्थेकडे.

मामा : ते आज कर. बाकी उद्या.